वणव्यात जळालेली तीन वर्षांची झाडं परत फुटतील का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं गाव साताऱ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत. गेल्या तीन पावसाळ्यांत आम्ही पंधरा-वीस जणांनी मिळून गायरानाच्या उतारावर चारशेच्या वर झाडं लावली, जांभूळ, आवळा, बहावा, कडुनिंब, करंज आणि थोडे वड-पिंपळ. उन्हाळ्यात दर रविवारी खालच्या विहिरीवरून कॅन भरून डोक्यावर न्यायचे आणि एकेका झाडाला तांब्या-तांब्यानं घालायचं, काही आवळे तर माझ्या खांद्याला लागायला लागले होते.

मार्चमध्ये भर दुपारी रस्त्याच्या बाजूनं वणवा चढला. वारा खालून वर होता, हिरव्या डहाळ्या तोडून झोडपत आम्ही पोचेपर्यंत वाळलेलं गवत पाऊण तासात संपलं पण होतं. आता सगळा उतार काळा आहे, चाललं की पायाखाली राख फसफसते.

गावात दोन मतं पडलीयेत. पोरं म्हणतात मेलेलं उपटून टाका, जेसीबीनं खड्डे मारून घेऊ, जूनमध्ये नवीन रोपं लावू. आमचे आबा म्हणतात, पोरी, काही करू नका, जळलं ते बरंच झालं, राखेचं खत होतं, गवत जोमात येतं. मला दोन्ही पटत नाहीये. काल एका आवळ्याजवळ बसले, वरची फांदी काडीसारखी कट्कन मोडली, पण बुडाची राख बोटानं बाजूला केली तर साल जरा ओलसर लागली. म्हणजे ते झाड जिवंत आहे का? थांबायचं तर किती दिवस? प्लीज कुणीतरी नीट सांगा, पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे.

रोपवाटिकावाला:
ताई, आधी जेसीबी थांबवा. गवताचा वणवा भराभर पुढं सरकतो आणि माती उष्णता हळू आत नेते, त्यामुळे वर कितीही भडका दिसला तरी चार बोटं खाली मुळं बऱ्याचदा शाबूत असतात. झाडाचं खोड आणि मूळ जिथं जुळतं ना, त्या बुडख्यात झोपलेले डोळे असतात, वरचा शेंडा मेला की तेच जागे होतात आणि धुमारे, म्हणजे नवे कोंब, फुटतात. आवळा, जांभूळ, कडुनिंब, बहावा ही सगळी बुडातून फुटणारी झाडं आहेत. वड-पिंपळाच्या लहान रोपांची साल पातळ, तिथं नुकसान जास्त दिसेल.

तपासायचं असं, नखानं साल खरवडायची, शेंड्याकडून सुरू करून खाली खाली यायचं. आत तपकिरी कोरडं लागलं तर तेवढा भाग गेला, हिरवं ओलं लागलं तिथून झाड जिवंत. बुडापर्यंत कुठंच हिरवं नसेल तरी उपटू नका, पाऊस पडून महिना-दीड महिना होऊ दे.

पलूसकर:
आबांचं अर्धं खरंय बघा. राखेत पालाश, चुना, स्फुरद राहतं त्यामुळं पहिल्या पावसाला गवत हिरवंगार दिसतं आणि माणसाला वाटतं वणव्यानं भलं केलं. पण नत्र धुरातनं उडून जातं, आणि उतारावरची राख पहिल्या वळवातच ओढ्याला लागते, संगं वरची मातीबी. दरसाल जाळलं की ती माती पातळ पातळ होत जाती आणि मग कुसळी गवतच उरतं. कुसळीचं बी लई हुशार, तिचं कुसळ, म्हणजे बीला असलेला लांब ताठ केस, ओल लागली की पीळ सोडतं, वाळलं की परत पीळ घेतं आणि बी जमिनीत शिरतं, तिथं त्याला आग लागत न्हाई. बाकीच्या बऱ्याच गवतांना ते जमत न्हाई.

तुम्ही आत्ता एवढंच करा, जळक्या फांद्या आणि दगड उताराला आडवे रचा, वीतभर उंचीची ओळ पुरे, माती अडली पायजे. आणि शेळ्या-गुरं वर सोडू नका. कोवळा धुमारा शेळीला आयता घास हाय, सारखा खुडला की बुडातली साठवलेली ताकद संपती. आमच्या इकडं सांगली जिल्ह्यात सागरेश्वरचं अभयारण्य माणसांनी लावून वाढवलंय, त्यामुळं सांगतो, रोप लावणं सोपं, राखणं अवघड.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचेही खूप आभार. काल सत्तर झाडं खरवडून बघितली, त्यातल्या एक्केचाळीस झाडांना बुडाशी हिरवं लागलं! मीटिंगमध्ये ती यादीच ठेवली, जेसीबी रद्द झाला. आबांना एक साल हातात दिली, ते बराच वेळ बघत बसले. एक विचारायचं राहिलं, वरचं मेलेलं खोड तसंच ठेवायचं का कापायचं?

रोपवाटिकावाला:
शेंडा पूर्ण मेला असेल तर पावसाच्या तोंडावर जमिनीलगत धारदार कोयत्यानं एका घावात तिरकं कापा, साल फाटता कामा नये. चार-पाच धुमारे येतील, घाई करून खुडू नका. पुढच्या वर्षी सगळ्यात सरळ आणि जोमदार एक ठेवा, बाकीचे काढा. मुळं तीन वर्षांची आहेत त्यामुळे नवीन रोपापेक्षा हा धुमारा कितीतरी भरभर वाढतो.

घाणेरीवर, म्हणजे टणटणीच्या झुडपावर, मात्र लक्ष ठेवा. तीसुद्धा जळून बुडातनं फुटते, आणि उतार मोकळा मिळाला की आधी तीच जागा धरते. पहिल्या मोठ्या पावसानंतर जमीन ओली असताना मुळासकट काढा, नुसती कापली तर दुप्पट येते.

पुढच्या वर्षी जानेवारीतच रस्त्याच्या कडेनं जाळरेषा काढून घ्या, म्हणजे पट्टाभर गवत कापून नीट देखरेखीखाली जाळून जमीन उघडी करायची. शेजारी राखीव वन असेल तर वनपालांना सोबत घेऊनच करा, कारण राखीव वनात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. वणवा दिसला की वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन, हा नंबर गावात भिंतीवर रंगवून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती (जूनचा शेवट):
अपडेट द्यायला उशीर झाला, पेरणी चालू आहे. दोन वळीव आणि आठ दिवस चांगला पाऊस झाला. त्या आवळ्याला बुडातनं सहा धुमारे आलेत, सगळ्यात मोठा माझ्या करंगळीएवढा लांब, पानं इतकी बारीक आणि तांबूस की राखेवर आधी दिसलीच नाहीत, गुडघ्यावर बसून बघावं लागलं. जांभळं जवळजवळ सगळी फुटली. बहावे निम्मे. वड-पिंपळातले चारच उरले, त्याचं फार वाईट वाटतंय. आम्ही न लावलेलं पण बरंच वर आलंय, धायटी, करवंद, आणि दगडांच्या ओळीला अडलेल्या मातीत रानहळद.

शेळ्यांसाठी आबांनी स्वतः खालच्या पडीक रानात जागा काढून दिली. फक्त घाणेरी उत्तरेच्या अंगाला खूप आहे, रविवारी वीस जण जाणार आहोत, काढलेली तिथंच ढीग घातली तर परत मूळ धरते का?

पलूसकर:
ओल्या मातीला टेकली तर धरती. मुळं वर करून दगडावर टाका, चार दिवस ऊन लागू दे. फुलं-फळं लागलेली असतील तर पोत्यात भरून खाली आणा, पाखरं बी घेऊन जातात.