'नियंत्रण' म्हटलं की कमीच होते का?

वऱ्हाडी_मास्तर
बी.एस्सी.च्या पोरांसाठी मराठीत टिपणं लिहितो आहे. विषय आहे उंदराच्या थायरॉइडपासून काचपात्रात वाढवलेल्या एफआरटीएल-५ पेशी. मी लिहिलं, "टीएसएच आणि इन्सुलिन थायरोग्लोब्युलिनच्या निर्मितीचे नियंत्रण करतात." (टीएसएच म्हणजे थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक; थायरोग्लोब्युलिन म्हणजे थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन.) काल एका मुलीनं विचारलं, "सर, म्हणजे टीएसएच टाकलं त प्रोटीन कमी होते न?" नेमकं उलट! त्या पेशींत टीएसएचनं थायरोग्लोब्युलिनचा एमआरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवायचा पेशीतला निरोप, वाढतो, इन्सुलिननंही वाढतो. पण पोरीचं काय चुकलं? ती घरी 'बोंडअळी नियंत्रण' ऐकतच मोठी झाली. शब्द सुचवा.

शब्दवेडा
'नियमन' लिहा. नियंत्रणात धाक आहे, नियमनात शिस्त.

पातेगळ
मास्तर, सरळ 'वाढवतात' लिहा न. आमच्या कपाशीवर पातेगळ, म्हणजे कळ्या गळणं, थांबवायला एनएए मारतो, त्याला संजीवक म्हणतो. झाड माजलं की वाढ रोखायला क्लोरमेक्वाट. दुकानदार दोन्हीला 'वाढ नियंत्रक' म्हणते. मागच्या खरिपात माझ्या पुतण्यानं त्या एका नावापायी एकाच्या जागी दुसरं आणलं. शेतकऱ्याच्या पोराला मोघम शब्द देऊ नका.

वऱ्हाडी_मास्तर
पातेगळभाऊ, 'वाढवतात'नं भागत नाही. त्याच पेशींत तेच टीएसएच स्वतःच्याच ग्राहीचा (टीएसएचला पकडणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाचा) एमआरएनए खाली आणते. एक प्रथिन वर, दुसरं खाली. दोन्ही बाजू धरणारा शब्द पाहिजे.

शब्दवेडा
म्हणूनच नियमन!

धुरकरी
शब्दवेडा, नियमन आणि नियंत्रण दोन्हींच्या मुळाशी 'यम्' धातूच आहे, आवरून धरणं. पण त्याच धातूचा 'यन्ता' म्हणजे सारथी. माझे आजोबा शंकरपटात जोडी हाकायचे. कासरा कधी ताणायचा, कधी ढिला सोडायचा, यातच सगळं कसब. ढिला सोडणं हेही हाकणंच. शब्द वाईट नाही, आपण त्याचा अर्धा अर्थ फवारणीच्या पंपात घालवला.

पातेगळ
धातू पोरीला परीक्षेत कामी येणार नाही. ती शब्द ऐकते, त्याचा बाप नाही ऐकत.

झाडीपट्टी
सर, 'थायरॉइड' लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या पुस्तकात 'अवटु ग्रंथी' होतं. पाठ केलं, पण गळ्यात कुठं ते कळलं नाही. आजीच्या गळ्याला गाठ होती, गावात सगळे 'घेंगा' म्हणायचे. अवटु आणि घेंगा एकाच जागचे, हे मला नर्सिंगला गेल्यावर समजलं. त्याचं मला अजून वाईट वाटते.

शब्दवेडा
अवटु हा संस्कृत शब्द आहे, तो सोडून कसं चालेल?

धुरकरी
संस्कृतच घेऊ. अमरकोशात "अवटुर्घाटा कृकाटिका" आहे. तिन्ही शब्द मानेच्या मागच्या भागाचे. ग्रंथी तर पुढे, श्वासनलिकेवर!

शब्दवेडा
अर्थ सरकतात. मला वाटतं त्यातलाच 'घाटा' आपल्या 'घाटी'त आला. पोराची घाटी फुटली म्हणतो, ती पुढचीच न? घाटा पुढे येऊ शकतो, तर अवटु का नाही?

झाडीपट्टी
आमच्याकडे घाटी नाही, 'कंठ फुटला' म्हणतात.

पातेगळ
अकोल्याकडे दोन्ही ऐकलं. पण मास्तर, त्या वाक्याचं काय केलं शेवटी?

शब्दवेडा
कंठ वेगळा, घाटी वेगळी. झाडीपट्टीताई, आजीला विचारून सांगाल का?