आजीच्या अंगठीतला हिरवा खडा: पाचू की दुसरं काही?

मोगरा, फोंडा
चवथीला पातोळ्यांची पानं पुसताना आजीच्या अंगठीतला खडा निसटला. नशीब, परातीतच सापडला. घरात सगळे त्याला पाचूच म्हणत आलेत. बाजारात एका दुकानात दाखवला, तर भिंगसुद्धा न लावता "काच आहे, दोनशेत नवा बसवून देतो" म्हणाले. रंग गडद नाही, शहाळ्याच्या सालीसारखा फिका, थोडा निळसर. आजी गेल्या वर्षी गेली, म्हणून जीव अडकलाय. घरी काही तपासता येईल?

जुना खडेवाला, म्हापसा
ताई, खडा सुटा आहे हे एका परीने बरंच झालं. दहापटीचं भिंग घ्या, मागून टॉर्च मारा आणि आत बघा. गोल बुडबुडे दिसले तर काच. भिंगातून मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसल्या तर पेरिडॉट, म्हणजे दुसराच एक हिरवा खडा; पाचूत तसं दिसत नाही. आत पाल्यासारख्या रेषा असल्या तर मन खट्टू करू नका, पाचूत त्या असायच्याच.

मग वजन. सोनाराच्या काट्यावर आधी खडा कॅरटमध्ये तोला. नंतर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि खडा बारीक दोऱ्याने पाण्यात बुडवा, तळाला टेकू देऊ नका. आता जो आकडा येईल त्याने आधीच्या वजनाला भागा. बेरिल, म्हणजे पाचू ज्या खनिजाचा असतो ते, २.७ च्या आसपास येतं, टुर्मलीन हा आणखी एक हिरवा मिळणारा खडा ३ च्या वर, पेरिडॉट ३.३ च्या पुढेमागे. काचेचा मात्र नेम नाही, म्हणून बुडबुडे आधी.

आणि हे मनापासून सांगतो, कारण यात लोक फार फसतात: पाचू हे बेरिलच, पण प्रत्येक हिरवं बेरिल पाचू नव्हे. शुद्ध बेरिलला रंगच नसतो. क्रोमियम किंवा व्हॅनेडियमने हिरवं झालं तर पाचू. लोहाने निळं झालं तर ॲक्वामरीन, पिवळं झालं तर हेलिओडोर. मँगनीजने गुलाबी झालं तर मॉर्गनाइट. आणि लोहानेच फिकं हिरवं झालेलं ते नुसतं हिरवं बेरिल. तेच तापवून निळं ॲक्वामरीन करतात. तुमचं शहाळं वाचून मला तेच वाटतंय.

दर्या, वास्को
१६व्या-१७व्या शतकात कोलंबियाचे पाचू गोव्यातूनच मुघलांकडे जायचे, त्यामुळे जुन्या घरात खरा पाचू निघणं अशक्य नाही. एकच विनंती, अल्ट्रासोनिक मशीनमध्ये धुवायला देऊ नका. पाचूच्या भेगांत तेल भरलेलं असतं. मामीच्या खड्यातलं तेल असंच गेलं आणि सगळ्या भेगा उघड्या पडल्या.

मोगरा, फोंडा
आज भावाच्या ओळखीच्या सोनाराकडे बसून केलं. वजन ३.२४, पाण्यातला आकडा १.२०, म्हणजे २.७०. तीनदा केलं, तेवढंच. बुडबुडा एकही नाही. आत केसासारख्या बारीक नळ्या आहेत, सगळ्या एकाच दिशेने, पावसाच्या सरींसारख्या!

जुना खडेवाला, म्हापसा
अशा सरी बेरिलमध्ये नेहमी दिसतात. टुर्मलीनमध्येही दिसतात, पण मग भागाकार ३ च्या वर गेला असता. काच नाही ताई, निश्चिंत राहा. पाचू की हिरवं बेरिल हे मुंबईच्या किंवा जयपूरच्या रत्नप्रयोगशाळेत क्रोमियम-व्हॅनेडियम बघूनच ठरेल. तोवर कापसात गुंडाळून डबीत ठेवा. अंगठी मोडीत घालू नका, खडा त्याच कोंदणात बसेल. फक्त झिजलेली कड आधी भरून घ्या.