‘क्रेडिट दिलं नाही’ आणि ‘श्रेय दिलं नाही’ यांत फरक आहे का?

उंबरठा:
एका अंकासाठी व्हिडिओ गेमवरच्या लेखाचं मराठी करतेय आणि चार दिवस एकाच वाक्यावर अडलेय. प्रसंग असा. ‘मेट्रॉइड प्राइम’ हा गेम २००२ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या गेमक्यूब या गेमयंत्रावर आला. बनवला होता अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या रेट्रो स्टुडिओजनं. तोच गेम झाडूनपुसून, नवी रंगरंगोटी करून फेब्रुवारी २०२३मध्ये त्याच कंपनीच्या स्विच या यंत्रावर आला. गेम संपल्यावर जी नावं सरकत जातात, त्यांत नव्या कामातली माणसं नावानिशी आहेत. जुन्यांच्या वाट्याला एकच ओळ: मूळ गेमक्यूब आणि वी आवृत्त्या करणाऱ्यांच्या कामावर आधारित. (‘वी’ हेही निन्टेन्डोचंच यंत्र.) बस. मूळ गेमवर काम केलेले अभियंते झॉइड कर्श यांनी यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. नव्या आवृत्तीचं कौतुक करून मग नाराजी, हे विशेष.

मी लिहिलं होतं, ‘जुन्या लोकांना क्रेडिट दिलं नाही’. संपादकांनी ‘क्रेडिट’ खोडून ‘श्रेय’ केलं. परत वाचलं तर वाक्य चक्क खोटं वाटायला लागलं. श्रेय तर दिलंय! ‘तुमच्या कामावर आधारित’ म्हणजे दुसरं काय? दिली नाहीत ती नावं. संपादक म्हणतात, श्रेय हा रुळलेला शब्द आहे, उगाच फाटे फोडू नका.

तर, या अर्थी क्रेडिटला काय म्हणायचं? आणि ती ‘आधारित’वाली ओळ मराठीत कशी आणायची? माझी ओढूनताणून झाली आहे.

तिसरी_घंटा:
श्रेयनामावली. सिनेमाच्या परीक्षणांत सर्रास येतो. विषय संपला.

उंबरठा:
ती यादी झाली हो. ‘त्यांना श्रेयनामावली दिली नाही’ असं लिहू का? यादी आहे, तिच्यात हे लोक नाहीत.

पाणिनीचा_शेजारी:
मुळात ‘श्रेय’ शब्दावरच आपण अन्याय केला आहे. श्रेयस् म्हणजे अधिक चांगलं, तुलनेतलं रूप. कठोपनिषदात श्रेय आणि प्रेय समोरासमोर ठेवलेत, तिथे कुणाचं नाव छापायचा प्रश्न नव्हता. गीतेतही ‘श्रेयान्स्वधर्मो विगुणः’ म्हणजे ‘बरा’ या अर्थानंच. कल्याण, हित हा अर्थ. ‘अमक्यामुळे झालं’ हा अर्थ मराठीनं नंतर चिकटवला. शुद्ध शब्द हवा असेल तर ‘कर्तृनिर्देश’ घ्या.

आडवातिडवा:
कर्तृनिर्देश! गेम खेळणारी पोरं दार आपटून पळतील. आणि श्रेय शब्द श्रमावरून आलाय असं आमचे मास्तर सांगायचे. श्रम करील त्याला श्रेय. सरळ हिशेब.

पाणिनीचा_शेजारी:
मास्तरांबद्दल आदर आहे, पण नाही. ‘प्रशस्यस्य श्रः’, अष्टाध्यायी ५.३.६०. प्रशस्यच्या जागी ‘श्र’ येतो आणि त्याचं श्रेयस् होतं. श्रमाचा संबंध नाही.

आडवातिडवा:
श्रमाचा संबंध नाही हे तर त्या गेमवाल्यांनीही सिद्ध केलंय. असो. शब्द कुठूनही आला असो, आज तो कुठे राहतो ते बघा. वर्तमानपत्रात ‘श्रेयवादाची लढाई’ असतेच. एक उड्डाणपूल, दोन पक्ष, चार फलक. श्रेय घेतात, देतात आणि लाटतात. ‘नामोल्लेख लाटला’ असं कुणी म्हणतं का? म्हणून उंबरठाताईंची शंका मला पटते. श्रेय हे निकालाचं असतं आणि ते बहुधा एकाच्या पदरात पडतं. सामना जिंकल्याचं श्रेय कर्णधाराला; धावफलकावर मात्र शून्यावर बाद झालेल्याचंसुद्धा नाव असतं. ताईंचं क्रेडिट म्हणजे तो धावफलक.

कॅसेटफुंक्या:
शेवटी आपल्या प्रांतातला धागा! जरा लांबण लावतो.

हे दुखणं नवं नाही. अटारी या अमेरिकन गेम कंपनीच्या सुरुवातीच्या काळात गेम करणाऱ्याचं नाव कुठेच नसायचं, ना खोक्यावर ना पडद्यावर. वॉरन रॉबिनेट नावाच्या माणसानं ‘ॲडव्हेंचर’ हा गेम एकट्यानं केला, १९८०चा. अख्खा गेम ४ किलोबाइटांत. त्यानं कुणाला न सांगता त्यात एक गुप्त खोली ठेवली. काळ्या किल्ल्याच्या चक्रव्यूहात एक ठिपका पडलेला असतो, अगदी एका टिंबाएवढा आणि पार्श्वभूमीच्याच रंगाचा, म्हणजे दिसतच नाही. तो चाचपडत उचलायचा, ठरावीक भिंतीपाशी न्यायचा आणि पलीकडे शिरायचं. आत उभ्या अक्षरांत त्याचं नाव. कंपनीला पत्ता लागला तोवर स्वारी नोकरी सोडून गेलेली. गेममधल्या अशा दडवलेल्या गंमतीला ‘ईस्टर एग’ म्हणायची पद्धत त्यावरूनच पडली.

अटारीच्याच चार प्रोग्रामरांनी पैसा आणि नाव या दोन्हींवरून वैतागून बाहेर पडून १९७९मध्ये ॲक्टिव्हिजन काढली. तिथे खोक्यावर करणाऱ्याचं नाव छापायचे. जपानात वेगळीच तऱ्हा. दुसऱ्या कंपनीनं माणसं पळवू नयेत म्हणून टोपणनावं. १९८७च्या ‘मेगा मॅन’मध्ये केइजी इनाफुने ‘इनाफकिंग’ म्हणून आहेत आणि संगीताच्या बाजूला ‘युकीचानचे पप्पा’. आता सांगा, युकीचानच्या पप्पांना श्रेय मिळालं की क्रेडिट?

आपल्याकडे तर त्याहून बहार. नव्वदीत आम्ही टीव्ही गेमवर वाढलो. त्या चौकोनी डबीला आम्ही कॅसेट म्हणायचो, हे वाचून परदेशातला भाऊ अजून हसतो. लागली नाही की खालच्या पट्टीवर फुंकर मारायची, शर्टाला घासायची, परत दाबायची. त्या नकली कॅसेटींवर गेमच्या पहिल्या पाटीवरून कंपनीचं नाव आणि साल खरवडून टाकलेलं असायचं. नुसता गेमचा मथळा आणि खाली मोकळी काळी जागा. मला कितीतरी वर्षं वाटायचं की गेम असेच उगवतात, चिंचेसारखे.

रायगडवारी:
रॉबिनेटची खोली वाचून पहिली आठवली ती रायगडावर जगदीश्वराच्या देवळापाशी असलेली पायरी. ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर’. गड बांधणाऱ्याचं नाव, तेही पायरीवर. मागच्या पावसाळ्यात गेलो होतो. अक्षरांत पाणी साचलं होतं म्हणून उलट नीट वाचता आली. मुलीनं विचारलं, यावर पाय द्यायचा की नाही? मला उत्तर देता आलं नाही.

पाणिनीचा_शेजारी:
तुलना गोड आहे, पण उलटी आहे. रॉबिनेटनं नाव लपवलं, हिरोजींचं येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली आहे. शिवाय ‘सेवेचे ठायी तत्पर’ यात ‘हे मी केलं’ असं कुठेच नाही. श्रेय नाही, नाव आहे. म्हणजे ताईंच्या गेमच्या बरोब्बर उलट.

उंबरठा:
हे वाक्य मी वापरणार आहे, आधीच सांगून ठेवते. कर्तृनिर्देशासह.

पानगळ:
मी भाषांतरं करते, त्यामुळे हा धागा लागला. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका पुस्तकाचा अनुवाद केला होता. पहिल्या आवृत्तीत आतल्या पानावर ‘अनुवाद’ असं लिहून खाली माझं नाव. दुसरी आवृत्ती निघाली, मुखपृष्ठ बदललं, अक्षर मोठं केलं आणि नाव गेलं. फोन केला तर प्रकाशक म्हणाले, “अहो ताई, ऋणनिर्देशात आहात की!” उघडून बघते तर, ‘या पुस्तकाच्या मराठी रूपासाठी साहाय्य करणाऱ्या सर्वांचे आभार.’ मी म्हणे साहाय्य केलं होतं. ३०० पानं साहाय्य.

तर ऋणनिर्देश, आभार, सौजन्य हे सगळे शब्द बाद करा. ते देणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा दाखवतात. नाव हा हक्क आहे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही ५७व्या कलमात लेखकाला हे सांगण्याचा हक्क दिलाय की कृती माझी आहे, आणि मालकी विकून टाकली तरी तो राहतो.

आडवातिडवा:
पण नोकरीत केलेल्या कामाची मालकी कंपनीचीच ना?

पानगळ:
मालकी कंपनीची, कर्तेपण नाही. दोन्ही एक मानायची सवय झालीय, म्हणून तर ‘आमचाच गेम, आम्हीच परत काढला, नावं कशाला’ असं होतं. लक्षात घ्या, ‘प्राइम’ परत काढला तो त्याच रेट्रो स्टुडिओजनं. घरच्यांनीच घरच्यांना गाळलं.

कॅसेटफुंक्या:
आणि जानेवारी २०२५मध्ये रेट्रोवर ते उलटलं. त्यांचाच २०१०चा ‘डाँकी काँग कंट्री रिटर्न्स’ पोलंडच्या फॉरेव्हर एंटरटेनमेंटनं नव्यानं केला. शेवटच्या यादीत नवी मंडळी नावानिशी, रेट्रोची माणसं पुन्हा ‘मूळ काम करणाऱ्यांच्या कामावर आधारित’ या एका ओळीत. पुन्हा काढलेल्या गेमचंच कशाला, २०२१चा ‘मेट्रॉइड ड्रेड’ कोरा करकरीत होता. तो करणाऱ्या स्पेनच्या मर्क्युरीस्टीमचा नियम असा की एकूण कालावधीच्या निदान २५ टक्के काळ काम केलं असेल तरच नाव. म्हणजे चार वर्षांच्या कामात अकरा महिने राबलेला माणूस बाहेर. कॉलेजच्या हजेरीसारखं.

तिसरी_घंटा:
हजेरी! ‘हजेरीपट’ कसा वाटतो? बरं, मुद्द्यावर. रिमास्टर, रिमेक, म्हणजे जुनंच नव्यानं काढणं, याला आपल्याकडे तयार शब्द आहे आणि कुणालाच आठवत नाही: ‘नव्या संचात’. नाटकाची जाहिरात आठवा. जुनं गाजलेलं नाटक नव्या संचात. नट नवे, नेपथ्य नवं, पण लेखकाचं नाव हलत नाही. रंगमंचावर पडदा उघडण्याआधीची उद्घोषणा घ्या: अमुक निर्मित, तमुक लिखित, ढमुक दिग्दर्शित. तिथे ‘मूळ काम करणाऱ्यांवर आधारित’ असं कुणी म्हणालं तर प्रेक्षक नारळ परत मागतील. तेव्हा त्या ओळीसाठी: ‘मूळ संचाच्या कामावर आधारित’.

कोपरगावकर:
नाटकवाले फार साळसूद आहेत असं नका दाखवू. लेखकाचं नाव राहतं, पण पहिल्या संचातल्या प्रकाशयोजनाकाराचं? जुनीच प्रकाशयोजना वापरून नव्या माणसाचं नाव लागलेलं मी स्वतः पाहिलंय.

उंबरठा:
‘मूळ संच’ आवडला. संपादकांनी ‘मूळ चमू’ केलं होतं.

पाणिनीचा_शेजारी:
चमू?! चमू ही सैन्याची तुकडी आहे. ७२९ हत्ती, ७२९ रथ, २१८७ घोडे, ३६४५ पायदळ. गीतेच्या पहिल्या अध्यायातच ‘महतीं चमूम्’ आहे, आणि ती स्त्रीलिंगी आहे. ऑस्टिनच्या कचेरीत एवढे हत्ती मावले असते का?

कॅसेटफुंक्या:
शेवटच्या यादीत हत्तींची नावं आली असती तरी चाललं असतं, माणसांची यायला हवी होती.

जुनी_तबकडी:
माझी भर. १९४९च्या ‘महल’च्या ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गाणारीचं नाव होतं ‘कामिनी’. म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं! लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं तेव्हा लता मंगेशकर हे नाव कळलं. माझ्या आत्याकडे ती तबकडी होती आणि ती शेवटपर्यंत ‘कामिनीची तबकडी’ म्हणायची. इथे तर नाव होतं, पण ज्याचं त्याचं नव्हतं. याला काय म्हणाल?

रायगडवारी:
आणि अभंगांचं काय? ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ ही नाममुद्रा. ओळीतच गुंफलेली, खरवडून काढायची तर वृत्त मोडतं. रॉबिनेटला हे माहीत असतं तर खोली बांधावी लागली नसती. ‘नाममुद्रा’ घ्या की ताई.

आडवातिडवा:
नाममुद्रेनं कसली हमी मिळते? तुकोबांच्या नावावर दुसऱ्यांनी रचलेले अभंग किती आहेत! श्रेय लाटणं सगळ्यांना माहीत असतं, आमच्याकडे श्रेय दुसऱ्यावर ढकलायचीही परंपरा आहे.

नाशिकची_थंडी:
सगळे इतका वेळ ‘तो गेम’ म्हणताय. आमच्याकडे ती गेम असते. गेम खेळली, गेम हरली.

कॅसेटफुंक्या:
गेम पुल्लिंगीच. ‘त्याचा गेम केला’ म्हणतात, ‘त्याची गेम केली’ नाही.

नाशिकची_थंडी:
तो मुंबईचा गेम, त्यात माणूस मरतो. आमच्या गेममध्ये तीन जीव असतात.

पानगळ:
अहो, ताईंचा प्रश्न राहिला.

उंबरठा:
राहू द्या, मजकूर काल गेला. शेवटी दोन्ही शब्द टाळले. ‘मूळ गेमवर राबलेल्या माणसांची नावं नव्या आवृत्तीत घातलीच नाहीत’ असं सरळ लिहिलं. संपादकांचा निरोप आला: “छान. शीर्षकात मात्र ‘श्रेय’ ठेवलंय.” त्या ओळीत ‘मूळ संच’ राहिलाय, पण ‘आधारित’ अजून खुपतंय. ‘बेतलेला’ करावं का? छपाईआधीचं प्रूफ परवा येईल, तोवर बदलता येईल.

तिसरी_घंटा:
बेतलेला नको. बेतणं शिंप्याचं, मापानं कापड कापणं. इथे कापडही तेच आणि शर्टही तोच, फक्त इस्त्री नवी.

आडवातिडवा:
मग ‘जिवावर बेतणे’तलं बेतणं आणि शिंप्याचं बेतणं एकच का?

पाणिनीचा_शेजारी:
एक नसावं असं माझं मत आहे. सवडीनं सविस्तर लिहितो, वेगळा धागा काढू.

नाशिकची_थंडी:
काढा. पण ती गेम.