मदत हवी आहे: डिंकीच्या गाडीला एम-सील धरतच नाही

चाकोरी: रविवारी मामांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्यांची लहानपणची डिंकी ब्रँडची धातूची खेळण्यातली गाडी दुरुस्त करून द्यायची आहे. एम-सील दोनदा भरलं, दोनदा सुटलं. दोन्ही भाग नीट मळले होते. आज गुरुवार. काय चुकतंय?

गॅरेजवाला: तुटलंय कुठे? रंगावर लावलं असेल तर रंगासकट निघणारच. फोटो टाका.

चाकोरी: मडगार्ड. रंग काढलाय, पॉलिशपेपर मारला, थिनरने पुसलं.

हातोडी: नुसतं चिकटवून मडगार्ड टिकत नाही. दोन्हीकडे बारीक भोक पाडा, टाचणी कापून आत बसवा आणि वरून एम-सील. माझ्या कॉर्गीच्या (तीही तशीच खेळण्यातली गाडी) टपाचा खांब असाच उभा आहे, १२ वर्षं झाली.

ठिणगी: त्यापेक्षा सोल्डर करा. खेळण्यातली पितळी इंजिनं मी अशीच जोडतो.

हातोडी: अहो, हे पितळ नाही, जस्ताचा मिश्रधातू आहे. ३८० अंशांच्या आसपास वितळतं. अख्खं मडगार्ड ओघळेल.

ठिणगी: हात बसलेला असला की जमतं.

कपाटभर: रंग काढायलाच नको होता. मूळ रंगातल्या गाडीला मागणी असते.

चाकोरी: विकायची नाहीये. मडगार्डचं सांगा ना कुणीतरी.

जुनी_चाकं: गाडी कधीची? पडून तुटली का?

चाकोरी: आजोबांनी १९३८ साली थोरल्या मामांसाठी फोर्टात घेतली, नंतर धाकट्यांकडे आली. पडली नाही, कपाटातच होती. बारीक भेगा सगळीकडे आहेत, टप थोडा फुगलाय. जुनी आहे म्हणून असेल.

जुनी_चाकं: हे पहिल्यांदा सांगायला हवं होतंत. ही झिंक पेस्ट आहे. युद्धापूर्वीच्या बऱ्याच डिंकींमध्ये दिसते.

चाकोरी: ही पेस्ट पुण्यात कुठे मिळेल?

जुनी_चाकं: लावायची पेस्ट नव्हे हो, धातूला लागलेली कीड. ओतताना जस्तात शिसं मिसळलं गेलं की धातू कणाकणांच्या सांध्यांतून आतून गंजतो, फुगतो, तडकतो. दमट हवेत लवकर. एम-सील ज्याला धरतंय तो थरच निखळतोय, तुमच्या हाताची चूक नाही. यावर इलाज नाही. बाकीच्या गाड्यांना मात्र लागत नाही, घाबरू नका.

हातोडी: मग भोक अजिबात पाडू नका, ड्रिलच्या थरथरीने तुकडे होतील. माझा सल्ला मागे घेतो.

जुनी_चाकं: घासणंही थांबवा. आतल्या बाजूने पातळ अ‍ॅराल्डाइट भेगांत उतरू द्या, मडगार्ड त्यातच टेकवा, दाबू नका. २४ तास हलवू नका. म्हणजे आज रात्रीच करा.

गॅरेजवाला: पुढे सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा.

चाकोरी: लावलं. रविवारी मामांच्या हातात द्यायची की डब्यातूनच दाखवायची?

जुनी_चाकं: हातात द्या. आधी तळहात पसरायला सांगा आणि गाडी चाकांवर ठेवा. टपाला धरून उचलू देऊ नका.