'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' : मुलांच्या शंका आणि स्पॉकचं यंत्र

देवगड_दीपगृह
मूळ 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळ-मालिकेतला हा भाग (पहिलं प्रक्षेपण ६ एप्रिल १९६७) विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, आठवी-नववीच्या मुलांना दाखवायचा आहे. त्यात एंटरप्राइज या अंतराळयानाचा डॉक्टर मॅकॉय औषधानं भ्रमिष्ट होऊन एका ग्रहावरच्या 'गार्डियन' नावाच्या काळाच्या कमानीतून १९३० मध्ये शिरतो, तिथं समाजसेविका ईडिथ कीलरला मरणातून वाचवतो आणि इतिहास बदलतो; कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक ते निस्तरायला मागोमाग जातात. शेजारच्या टेबलावर स्पॉकनं १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये रेडिओच्या सुट्या भागांतून जोडलेल्या यंत्राची प्रतिकृती ठेवणार आहोत. मुलं दोन गोष्टी हमखास विचारणार. मॅकॉयनं इतिहास बदलला, एंटरप्राइज नाहीशी झाली, मग कर्क आणि बाकीचे त्या ग्रहावर कसे उरले? आणि मॅकॉयचा फेझर (किरणांचं शस्त्र) पळवून स्वतःच भस्म होणारा भणंग (श्रेयनामावलीत 'रोडंट') मेला तरी काहीच बदलत नाही, ईडिथ कीलर वाचली तर मात्र सगळं जग बदलतं, हे कसं?
एक जुना व्हॉल्व्ह रेडिओ (काचेच्या निर्वात नळ्यांचा) मिळालाय. तो चालू करून ठेवावा का?

मालवणचो_गार्डियन
बरां इचारलास. पहिल्याचं सरळ उत्तर भागात दिलेलं नाही, पण धागा सुरुवातीलाच आहे. ग्रहावरून येणाऱ्या काळाच्या लाटांनी जहाज हादरतं, त्या हादऱ्यातच मॅकॉयला चुकून कॉर्ड्राझीन हे जालीम औषध टोचलं जातं. म्हणजे उलथापालथीचं केंद्र गार्डियनपाशी आहे आणि ही माणसं त्याच्या अंगणात उभी आहेत. वर कक्षेतलं जहाज त्या आवाराबाहेर, म्हणून ते पुसलं गेलं. हा तर्क आहे, संवाद नव्हे. मुलांना तसंच सांगा.

रोडंटचं उत्तर मात्र स्पॉकच्याच तोंडी आहे. काळ नदीसारखा प्रवाही असावा, त्यात ओढ असते, भोवरे असतात, असं तो म्हणतो. आपल्या मुलांना खाडी दाखवा: मध्यावर धोंडा टाकला तर पाणी त्याला वळसा घालून जातं, पण खाडीचं तोंड बुजलं तर आतली गावं बुडतात. ईडिथ त्या तोंडावर उभी आहे. हार्लन एलिसनच्या मूळ संहितेत रोडंट नाहीच, तिथं पहिल्या महायुद्धात पाय गमावलेला एक सैनिक आहे. त्याच्या मरणानंही इतिहास हलत नाही, आणि ते वाचताना जास्त लागतं, कारण तो माणूस आपल्याला कळलेला असतो. पडद्यावर हा विचार निम्मा गळाला, ही या भागातली मला वाटणारी खरी उणीव.

आणखी एक गोष्ट मुलांकडून सुटते. खरा आणि बदललेला, दोन्ही इतिहास स्पॉकच्या हाती आले कुठून? मॅकॉय कमानीतून उडी मारतो त्या क्षणी स्पॉकच्या ट्रायकॉर्डरचं (हातातल्या नोंदयंत्राचं) चित्रण चालू होतं; ते चित्रण बघायलाच तो रेडिओच्या भागांचं यंत्र जोडतो. म्हणून एकाच नोंदीत १९३० मधली ईडिथच्या अपघाती मृत्यूची बातमीही आहे आणि सहा वर्षांनंतरची राष्ट्राध्यक्षांच्या भेटीचीही. तिथं भाग थांबवून मुलांनाच विचारा.

रत्नागिरी_सोल्डर
रेडिओ चालू करू नका. व्हॉल्व्ह सेटमध्ये आत दोनशे व्होल्टच्या वर डीसी असतं आणि बंद केल्यावरही मोठे कंडेन्सर भार धरून बसतात. आधी वायर पिनेसकट कापून टाका, म्हणजे कुणी उत्साहानं लावणारच नाही. दोन सळ्यांमधून वर चढणारी ठिणगी मुलांना हवी असेल, तर साफ नाही म्हणा. त्याला निऑन पाट्यांचा हजारो व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागतो. शाळेत त्याचं काम नाही.

६० × ४५ सेंमीचा प्लाय घ्या, १२ मिमी जाडीचा. व्हॉल्व्हच्या पायाच्या मापाची बारा भोकं पाडून पाया आत दडेल असं बसवा. हे दडवणं गरजेचं आहे: आठ पिनांचा ऑक्टल पाया १९३५ मध्ये आला आणि आपल्याकडच्या सेटांत सापडतात ते नऊ पिनांचे छोटे व्हॉल्व्ह त्याहून नंतरचे. १९३० चे व्हॉल्व्ह फुग्यासारखे, मोठ्या काचेचे असत. दर्शनी रांगेत असतील तेवढे मोठे ठेवा. निवडताना काचेच्या आतला चकचकीत चंदेरी डाग बघा. तो दुधासारखा पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरली आहे. दिसायला तो मेलेलाच दिसतो, मागे टाका.

प्रत्येक व्हॉल्व्हखाली ५ मिमीचा पिवळा एलईडी, त्याला स्वतंत्र २२० ओहमचा रेझिस्टर, सगळे समांतर, ५ व्होल्टवर. एकाला साधारण १४ मिलिअँपिअर, बाराचे मिळून १६० च्या आसपास. ३३० ओहम घातलेत तर एकूण प्रवाह ११० वर येतो, आणि इतक्या कमी भाराला बऱ्याच पॉवर बँका 'काही जोडलेलंच नाही' समजून थोड्या वेळात बंद होतात. यंत्र बिघडलं असं वाटतं, बिघडलेलं काही नसतं. स्पॉकचं यंत्र जळतं तो क्षण दाखवायला एक पुश बटण घ्या: दाबलं की पिवळे विझून एक लाल लागेल. धूर नको.

खाऱ्या हवेचं विसरू नका. नळकामाची अ‍ॅसिडवाली पेस्ट वापरलीत, तर किनाऱ्यावर तांबं काही दिवसांत हिरवं पडतं. रोझिन कोअर (आत राळ भरलेलं) सोल्डर घ्या, सांधे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, वर पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात द्या. पण स्विचच्या संपर्कांवर तो जाऊ देऊ नका, मग बटणच चालायचं नाही.

गुहागर_व्ही२
एक हरकत मुलांसमोर जरूर मांडा. स्पॉक सांगतो की ईडिथच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरली, जर्मनीला अणुबॉम्बसाठीचे जड पाण्याचे प्रयोग पुरे करायला वेळ मिळाला, आणि बॉम्ब व्ही-२ या आपल्या रॉकेटवर लादून त्यांनी जग जिंकलं. प्रत्यक्षात व्ही-२ सुमारे एक टन वाहून नेई, पल्ला साधारण ३२० किमी. हिरोशिमावरचा बॉम्ब ४,४०० किलोच्या घरातला होता. १९४५ चं रॉकेट आणि १९४५ चा बॉम्ब एकत्र बसत नाहीत. उशीर पुष्कळ लांबला, रॉकेट मोठं झालं, बॉम्ब हलका झाला, तरच कथा उभी राहते. मुलांना वजनं देऊन हिशेब करायला लावा.

देवगड_दीपगृह
मन:पूर्वक आभार सगळ्यांचे. रेडिओची वायर आजच कापतो. शेवटचं एक: कर्क ईडिथला मृगाच्या पट्ट्यातल्या सर्वांत डावीकडच्या ताऱ्याभोवतालच्या ग्रहावरच्या लेखकाबद्दल सांगतो. तो तारा त्याच संध्याकाळी मैदानावरून दाखवता येईल ना?

मालवणचो_गार्डियन
येईल. २८ फेब्रुवारीला आठच्या सुमारास त्रिकांडाचे, म्हणजे त्या पट्ट्याचेच, तीन तारे दक्षिणेला, जवळजवळ डोक्यावर असतात. दक्षिणेकडे तोंड करून उभं केलंत की डावीकडचा, म्हणजे पूर्वेचा, तो अल्निटाक. नंतर समुद्राकडे मावळताना तो डावा आणि वरचा दिसतो. पूर्वेला उगवताना मात्र सर्वांत खालचा असतो, तेव्हा 'डावा' म्हणून शोधलात तर चुकाल. एवढा अवजड निळा महातारा काही दशलक्ष वर्षांतच संपतो, तिथं लेखक घडण्याइतका वेळ मिळणं कठीण. हेही मुलांना सांगा, त्यांना आवडेल. आणि मैदानावरचे दिवे आधी मालवून घ्या.