अनुभव धागा: एका बाटलीतला चिनी-जपानी धाटणीचा सॉस, घरच्या घरी

पातीचा कांदा, कोबी, ढोबळी मिरची, फरसबी असं सगळं मार्केट यार्डात एकाच फेरीत आणि ताजं मिळण्याचे दिवस आलेत. अशा वेळी फ्रिजमध्ये एक तयार सॉस असला तर भाजी, नूडल्स, पनीर, कालचा भात, कशाचंही पंधरा मिनिटांत जेवण होतं. या धाग्यावर फक्त करून पाहिलेलं लिहा: मापं, कृती, काय बिघडतं आणि का. माप लिहिताना कप म्हणजे २४० मिली, टेबलस्पून १५ मिली, टीस्पून ५ मिली असंच धरा. चहाच्या कपाने मोजलं तर सगळं गणित चुकतं.

सुरुवात माझ्या पायाभूत कृतीने करते. साधा (लाइट) सोया सॉस १२० मिली, पाणी १२० मिली, व्हिनेगर ३० मिली, चिरलेला गूळ ४० ग्रॅम, बारीक चिरलेला लसूण १५ ग्रॅम, किसलेलं आलं १५ ग्रॅम, मिरपूड अर्धा टीस्पून, तेल १ टेबलस्पून. गूळ आधी त्याच पाण्यात विरघळवून गाळून घ्या, कचरा आणि बारीक खडे निघतातच. मंद आचेवर तेलात लसूण आणि आलं ३०–४० सेकंद परता. वास सुटला आणि लसणाच्या कडा जेमतेम पिवळसर दिसल्या की लगेच गुळाचं पाणी ओता. लसूण तांबूस झाला तर सॉस कडवट होतो आणि तो कडूपणा कशानेही झाकला जात नाही, नवीन लसूण घेऊन पुन्हा करावं. मग सोया आणि मिरपूड घालून ३ मिनिटं उकळा. गॅस बंद करून शेवटी व्हिनेगर. उकळत्या सॉसमध्ये घातलं तर वास नाकात जातो आणि आंबटपणा उडून जातो. मीठ अजिबात नको. साधारण ३०० मिली सॉस होतो.

सोयापारखी, सिडको

सगळ्यात मोठा फरक सोयाच्या बाटलीने पडतो, म्हणून लेबल वाचायची सवय हवी. घटकांत सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच असेल आणि नैसर्गिकरीत्या आंबवलेला असं लिहिलं असेल तर तो खरा मुरवलेला सोया. हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन आणि कॅरॅमल रंग दिसला तर तो झटपट केलेला. दोन्ही चालतात, पण दुसऱ्याची चव उग्र असते आणि खारटपणा ब्रँडप्रमाणे बदलतो. म्हणून नवीन बाटली उघडली की १ टीस्पून सोया ३ टीस्पून पाण्यात मिसळून चाखा. तेवढं पातळ करूनही जिभेला झोंबलं तर धागाकर्त्या ताईंच्या कृतीत १२० ऐवजी ९० मिली घ्या आणि पाणी १५० मिली करा.

डार्क सोया रंगासाठी असतो. ३०० मिली सॉसला अर्धा टीस्पून पुरे. लाइटच्या जागी तेवढाच डार्क ओतला की भाजी काळी आणि कडवट होते. घरात कोणाला गहू चालत नसेल तर साधा सोया टाळा. तामारी नावाचा जपानी सोया बहुधा गव्हाशिवाय करतात, तरी लेबल बघूनच घ्या.

लक्ष्मीकांता, इंदिरानगर

दाटपणाबद्दल सविस्तर लिहिते, कारण लोकांचं बिघडतं ते इथे.

पहिली गोष्ट: कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरंशुभ्र, बोटांत कुरकुरणारं स्टार्च. मक्याचं पीठ म्हणजे भाकरीचं, पिवळसर. चक्कीतून मक्याचं पीठ आणून घातलं तर सॉस पिठल्यासारखा आणि कच्चट लागतो.

प्रमाण २५० मिली सॉसला १ टेबलस्पून सपाट, म्हणजे साधारण ८ ग्रॅम. ते ३ टेबलस्पून गार पाण्यात कालवायचं. गरम पाण्यात कालवलं की प्रत्येक गोळीचं बाहेरचं आवरण आधी शिजतं, आतलं कोरडं राहतं आणि गुठळ्या होतात. कालवण दोन मिनिटांत तळाशी बसतं, तेव्हा ओतायच्या आधी पुन्हा ढवळा. सॉस उकळत असताना बारीक धारेने सोडा आणि पूर्ण १ मिनिट खदखदू द्या. नुसतं घट्ट दिसलं म्हणून उतरवलं तर पिठाळ चव राहते. उलट दहा-पंधरा मिनिटं उकळत ठेवलं, त्यात व्हिनेगरही आधीच घातलेलं असलं, तर तो परत सैल पडतो, कारण आंबट आणि उष्णता मिळून स्टार्च तोडतात.

चाखायचा चमचा परत भांड्यात बुडवू नका. आपल्या लाळेत स्टार्च पचवणारं एन्झाइम असतं आणि तेवढ्याने रात्रभरात बाटलीभर सॉस पाण्यासारखा होतो. आधी घट्ट होता, आता पातळ कसा झाला, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच निघतं. कच्च्या मधातही असं एन्झाइम असतं, म्हणून गुळाऐवजी मध वापरणार असाल तर तो सॉसबरोबर नीट उकळून घ्या, वरून घालू नका.

यावरून माझं ठाम मत: बाटलीत कॉर्नफ्लोअर घालूच नका. पातळ सॉस साठवा आणि लागेल तेव्हा कढईत दाट करा. ६० मिली सॉसला पाऊण टीस्पून कॉर्नफ्लोअर आणि २ टीस्पून गार पाणी.

सुगंधा, पंचवटी

किराणा दुकानातलं तिळाचं तेल आणि या पदार्थांत लागणारं तिळाचं तेल वेगळं. आपल्याकडचं कच्च्या तिळाचं, फिकट आणि सौम्य. चिनी, जपानी, कोरियन स्वयंपाकातलं आधी तीळ भाजून काढलेलं, तपकिरी आणि खमंग. पहिलं कितीही घातलं तरी तो वास येत नाही.

मॉलमधली बाटली महाग वाटत असेल तर घरी असं करा. ५० ग्रॅम पॉलिश न केलेले तीळ जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ६–७ मिनिटं भाजा. तडतड कमी झाली आणि तीळ बोटांत सहज चुरडला की उतरवा. संक्रांतीच्या लाडवासाठी भाजतो त्याहून एक छटा पुढे, पण काळपट नाही. गार करून मिक्सरमध्ये दोनदा फिरवा आणि १०० मिली साध्या तिळाच्या तेलात अगदी मंद आचेवर १० मिनिटं ठेवा, बुडबुडे दिसू नयेत. झाकून रात्रभर ठेवा, सकाळी मलमलीतून गाळा. राहिलेली चटणी भातावर छान लागते. हे तेल फोडणीचं नव्हे. गॅस बंद केल्यावर ३०० मिली सॉसला १ टीस्पून घाला.

द्राक्षवेल, पिंपळगाव बसवंत

गुळाला आपल्या भागातला पर्याय सांगतो. जानेवारी ते एप्रिल थॉमसन द्राक्षं मुबलक असतात. पिकलेल्या द्राक्षांच्या रसात साखर साधारण १८ टक्के, म्हणजे २०० मिली रसात ३६ ग्रॅमच्या आसपास. ताईंच्या ४० ग्रॅम गुळाची भरपाई त्यात जवळजवळ होते. द्राक्षं दोन-तीन पाण्यांत नीट चोळून धुवा, मिक्सरमध्ये फिरवून गाळा. २०० मिली रस आटवून ६० मिली करा, मध्यम आचेवर १५ मिनिटं लागतात, शेवटची पाच मिनिटं हलवत राहा. रसात स्वतःचा आंबटपणा असतो म्हणून व्हिनेगर ३० वरून २० मिली करा, आणि रसातून ६० मिली आलेच आहेत म्हणून पाणी ६० मिलीच घ्या. सॉसला चकाकी चांगली येते. हंगाम नसेल तेव्हा ५० ग्रॅम मनुका कोमट पाण्यात तासभर भिजवून वाटून गाळल्या तरी काम होतं.

कढईवाला, नाशिकरोड

सॉस उत्तम असून भाजी पाणचट होते, त्याचं कारण कढईत असतं. घरच्या गॅसची धग हॉटेलच्या भट्टीइतकी नसते. अर्धा किलो भाजी एकदम टाकली की कढई गार पडते, भाजी पाणी सोडते आणि परतायच्या ऐवजी उकडते. एका वेळी २५०–३०० ग्रॅमच घ्या. भाज्या धुऊन फडक्यावर पूर्ण कोरड्या करा. कढई धूर दिसेपर्यंत तापवा, शेंगदाणा तेल घाला, आधी फरसबी-गाजर, दोन मिनिटांनी ढोबळी, शेवटी कोबी. सॉस ६० मिली, तोही अगदी शेवटी, कढईच्या कडेने ओता आणि ४० सेकंदांत उतरवा. आधी घातला तर गूळ तळाला धरतो.

माळावरची, देवळाली कॅम्प

चिनी कृतीत तांदळाची वाइन सांगतात. त्याऐवजी आपल्याकडची कोरडी (ड्राय, म्हणजे गोड नसलेली) पांढरी द्राक्षवाइन २ टेबलस्पून चालते. लसूण परतल्यावर घालून मिनिटभर उकळू द्या आणि व्हिनेगर निम्मं करा.

तांबट लेनच्या पलीकडे, जुनं नाशिक

कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात हा सॉस करू नका, ठेवूही नका. मीठ आणि आम्ल दोन्ही धातू खातात. साध्या अ‍ॅल्युमिनियमलाही तेच लागू. स्टीलचं पातेलं, काचेची बाटली.

चातुर्मासवाली, गंगापूर रोड

काकू-ताईंनो, लसूण-कांदा चालत नसेल तर काय घालता? नुसतं आलं वाढवलं तर तिखटजाळ होतं.

लक्ष्मीकांता, इंदिरानगर

आलं १५ ग्रॅमच ठेवा. लसणाच्या जागी कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या २० ग्रॅम बारीक चिरून, एक हिरवी मिरची, आणि एक पिकलेला टोमॅटो किसून कोरडा होईपर्यंत परतलेला. टोमॅटोत ग्लुटामेट, म्हणजे उमामी ही भरीव चव देणारं द्रव्य, असतं. १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदांनी कोंबू या समुद्री शेवाळातून जी चव वेगळी काढून दाखवली, तीच ही. लसणाचा वास येणार नाही, पण पोकळपणा भरून निघतो.

बरणी, सातपूर

साठवण. बाटली आणि झाकण उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवून कोरडं करा, सॉस पूर्ण गार झाल्यावर भरा, फ्रिजमध्येच ठेवा. कॉर्नफ्लोअरशिवाय दोन आठवडे, कॉर्नफ्लोअर घातलेला चार-पाच दिवस. बर्फाच्या ट्रेमध्येही गोठवता येतो, मिठामुळे तुकडे दगडासारखे होत नाहीत. कॉर्नफ्लोअरवाला मात्र गोठवू नका, सुटल्यावर पाणी वेगळं होतं.

एक धोक्याची गोष्ट कळकळीने सांगतो. चिली ऑइल करताना कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, लसणात पाणी आणि मातीतले जंतू असतात, आणि बोट्युलिझमचं (जीवघेण्या विषबाधेचं) विष तयार होऊ शकतं. वास किंवा चव बदलत नाही, त्यामुळे कळतही नाही. लसूण खुसखुशीत कोरडा तळून बाहेर काढा आणि खाताना वरून घाला.

तेलाचं प्रमाण: २५० मिली शेंगदाणा तेल, भरड ब्याडगी ३० ग्रॅम, लवंगी ५ ग्रॅम, तीळ २ टेबलस्पून, मीठ १ टीस्पून. तेल चांगलं तापवून गॅस बंद करा आणि मिरचीचा एक तुकडा टाका. लगेच काळा पडला तर दोन मिनिटं थांबा. हळू फसफसून लालच राहिला की तेल मिरचीवर तीन हप्त्यांत ओता.

गूळखडा, म्हसरूळ

इंडोनेशियातला गोड सोया, केचाप मानिस, आपल्या घरात सहज जमतो. तिकडे ताडगूळ वापरतात. लाइट सोया २०० मिली, गूळ २०० ग्रॅम, एक चक्रीफूल, आल्याचे दोन काप. मंद आचेवर १५–२० मिनिटं. गरम असताना पातळच दिसतो, गार होताना मधासारखा होतो, म्हणून आणखी आटवायचा मोह टाळा, नाहीतर बाटलीत खडा बसतो. गूळ आधी चाखून घ्या. काही गूळ मुळातच खारट असतो आणि सोयात मिसळला की सगळं वाया जातं.

शेंगदाणा, अशोकस्तंभ

पायाभूत सॉसमधून दाण्याचा सॉस: सॉस ३ टेबलस्पून, भाजलेल्या दाण्यांची तेल सुटेपर्यंत वाटलेली पेस्ट ३ टेबलस्पून, गरम पाणी ६० मिली, अर्धं लिंबू. नेहमीचं कूट चालत नाही, रवाळ लागतं. पहिलं चमचाभर पाणी घातल्यावर पेस्ट फाटल्यासारखी घट्ट होते आणि लोक घाबरून तेल ओततात. तसं करू नका, पाणी थोडं थोडं घालत घोटत राहा, एका क्षणी आपोआप मऊ आणि फिकट होते. लिंबू त्यानंतरच.

धागाकर्ती

नूडल्सच्या मापाबद्दल दोघींनी विचारलंय. २०० ग्रॅम कोरड्या नूडल्स आणि २०० ग्रॅम भाजीला ११० मिली सॉस. नूडल्स मिठाच्या पाण्यात उकडल्या असतील तर ८०. उरलेल्या भाताला त्याहून कमी, ३०० ग्रॅम भाताला ४० मिली, नाहीतर शितं चिकटतात.