मदत हवी आहे: दोन नर कोंबड्यांच्या पायांना रोज नव्या जखमा, कारण कळत नाही

नमस्कार. आम्ही कुडाळजवळच्या एका वाडीत राहतो. घरी सहा कोंबड्या आणि दोन कोंबडे आहेत. एक गावठी तांबडा, दुसरा वनराज जातीचा, अंगाने चांगला थोराड. माझ्या धाकटीने दोघांनाही पिल्लं असल्यापासून वाढवलंय. दहा-बारा दिवस झाले, दोघांच्या पायांना जखमा होतायत. कोंबड्या मात्र सगळ्या ठणठणीत आहेत.

सुरुवात तांबड्यापासून झाली. नळीवर एक लहानशी खोच होती, रक्त वाळलेलं. पावसामुळे दोघं दिवसभर पडवीतच असतात आणि एकमेकांवर धावून जातात, त्यामुळे झुंजले असतील असं वाटलं. त्या दिवसापासून त्यांना वेगळं ठेवतो. पूर्वी दोघंही गोठ्यात कोंबड्यांबरोबर वरच्या बांबूवर बसायचे. आता रात्री गोठ्यातच जमिनीवर दोन वेगळ्या डालग्यांखाली असतात. दिवसा एक पडवीत, एक मागच्या अंगणात.

वेगळे केल्यापासून जखमा उलट वाढल्या. वनराजच्या डाव्या पायाची दोन बोटं वरून सोलल्यासारखी झालीत, आतलं मांस दिसतं. मागच्या बोटाचं नखच गेलंय. तांबड्याच्या टाचेपाशी नाण्याएवढं कातडं निघालंय. जखमांच्या कडा वेड्यावाकड्या आहेत. सकाळी डालगं उचललं की खाली रक्ताचे थेंब दिसतात.

खातात-पितात व्यवस्थित, विष्ठाही नेहमीसारखी. तळपायाला गाठ किंवा काळी खपली नाही. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती देवीचे फोड नाहीत. दोघांना राणीखेतची लस दिलेली आहे. मी रोज संध्याकाळी हळद खोबरेल तेलात कालवून लावतो. दवाखान्यात एकदा जाऊन आलो, पण डॉक्टर त्या दिवशी लसीकरणासाठी बाहेर होते. कुणाला असा अनुभव असेल तर कृपया सांगा. लेक रोज रडते, आणि मलाही बघवत नाही.

प्रतिसाद:

पायाची खवलं कशी आहेत ते आधी नीट बघा. खवलं उचललेली, खाली पांढरट भुकटी, पाय जाड आणि खडबडीत झालेले, असं असेल तर ती पायाची खरूज. खवल्यांच्या खाली बारीक किडे राहतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवून जुन्या मऊ ब्रशने हलके घासायचे, कोरडे करून व्हॅसलीन जाड लावायचं, आणि हे काही आठवडे चालू ठेवायचं. पण खरूज अशी एका रात्रीत मांस उघडं पाडत नाही, नखही नेत नाही. तुमच्या वर्णनाशी ती जुळत नाही असं मला वाटतं.

प्रतिसाद:

दादा, मी साताऱ्याकडची. तुमच्या लिहिण्यात दोन वेगळ्या जखमा आहेत. पहिली खोच झुंजीची असेल, पायामागच्या काट्याने तशीच होते. नंतरच्या सगळ्या रात्रीतून झाल्यात, आणि त्याही जमिनीवर ठेवल्यापासूनच्या. वर बांबूवर बसणाऱ्या कोंबड्यांना काहीच नाही. मला उंदरांचा संशय येतो. अंधारात कोंबडीला दिसत नाही, ती जागची हलत नाही, आणि उंदीर पाय कुरतडत बसतो. डालग्याच्या भोकांतून तो सहज आत शिरतो. आमच्याकडे खुराड्यात खाली बसणाऱ्या जड कोंबड्यांना हेच झालं होतं.

आणि खोबरेल आजच बंद करा. सापळ्यात आपण खोबऱ्याचा तुकडाच लावतो ना? तुम्ही रोज संध्याकाळी तोच वास त्यांच्या पायाला लावताय. आज रात्री डालग्याभोवती चुलीची राख चाळून पातळ पसरा आणि सकाळी ठसे बघा.

जखमेसाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दीड छोटा (चहाचा) चमचा मीठ घालून धुवा. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात, फिक्या चहाचा रंग येईल इतपत पातळ करून लावा. पावसाळ्यात माशी बसली की जखमेत किडे पडतात, म्हणून दिवसा कोरड्या, जाळी लावलेल्या जागी ठेवा. अँटिबायोटिक मनाने देऊ नका. दवाखाना जमत नसेल तर १९६२ वर फोन करून जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची चौकशी करा. आणि हातमोजे घाला, तुमचा भाग लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस तापाचा) आहे, उंदराच्या मुतातून तो माणसालाही होतो.

धागाकर्ता, पाच दिवसांनी:

ताई, तुमचा संशय खरा निघाला. राखेत बारीक पावलांचे ठसे होते आणि मधून शेपटीची सरळ रेघ, दोन्ही डालग्यांच्या चारी बाजूंनी. ते बघून अंगावर काटा आला. वाचवायला म्हणून मी त्यांना जमिनीवर ठेवलं आणि वर तेलही लावत होतो, हे मनातून जात नाही.

त्याच दिवशी कुडाळहून अर्धा इंची वेल्ड जाळी आणली. कोंबड्यांची नेहमीची षटकोनी जाळी दुकानदार देत होता, पण तिच्या भोकांतून उंदराची पिल्लं आत येतात म्हणून घेतली नाही. लाकडी चौकटीला तळासकट जाळी मारून कंबरेएवढ्या उंचीवर दोन कप्पे केले. विष ठेवलेलं नाही, मेलेला उंदीर कोंबड्यांनी टोचला तर तेही पोटात जायचं. दोन पिंजरे लावले, आतापर्यंत चार उंदीर सापडले. भाताचं पोतं गोठ्यातच असायचं, ते आता पत्र्याच्या पिंपात भरून ठेवलंय.

काल डॉक्टर घरी येऊन गेले. तांबड्याची जखम वरून सुकतेय, तिला फक्त आयोडीन चालू ठेवायला सांगितलं. वनराजला पाच दिवसांचं औषध दिलंय. त्याच्या मागच्या बोटाचं टोक काळं पडलंय. ते कोरडं आहे, वास नाही, त्यामुळे आपोआप गळून पडेल, ओढू नका, म्हणाले. ओलं झालं किंवा वास आला तर लगेच कळवायचं आहे.

या चार रात्रींत नवी जखम एकही नाही. आज पहाटे वनराज पहिल्यासारखा आरवला, आणि लेक अंथरुणातून उठून तशीच गोठ्याकडे पळाली.